ट्रकवर बसून गेलेली गाडी

लाखनीच्या त्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचा मला अजून राग येतो. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून आवाज ऐकायचा. तोवर गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नाही. माझी जुनी जपानी स्पोर्ट्स कार त्यानेच वर्षभर खपून चालती केली. पुढे नागपूरला आम्हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा होता. धूळ बसू नये म्हणून मी ती ट्रकवर चढवून नेली आणि भरपूर फोटो काढले. ट्रक त्याच्या गॅरेजसमोरूनच गेला. आठवड्याने ऑइल बदलायला गेलो, तर हा माझ्यावरच उखडला.

"पाय मोडले होते का जी तिचे? मंग मी वर्षभर काहून मरून राहिलो होतो?"

"आमच्यातले सगळे अशाच नेतात," मीही चिडून म्हणालो.

त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"धरा. फोटोले बॅटरी कायले पाह्यजे?"