पांढऱ्या दाढीला टॉवेल-टोपी

माझी फजिती ऐकायची ना? मग चहा बशीत ओता, निवू द्या अन्‌ नीट बसा. हसताना ठसका लागला तर पाठ थोपटायला मी न्हाई उठणार.

माझी नात रेणू पुण्याला खेळाच्या वसतिगृहात राहती, कराटे शिकती. तिचे मायबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, तवा पोर माझ्याच कुशीत झोपायची. झोपेत लाथा लय झाडायची. मी म्हणायची, पुढच्या जन्मी घोडी होशील. झाली कराटेवाली! ती गेल्यापासून माझ्या अंथरुणात जागाच जागा, अन्‌ झोप म्हणून येत न्हाई.

मग करायचं काय? टीव्हीवर ते चिनी मारामारीचे सिनेमे लागतात, ते बघत बसते. बोलणं हिंदी, ओठ भलतेच हलतात, पण मला सगळं कळतं. माणसं बांबूच्या शेंड्यावरून पळतात. एकानं लाथ मारली की दहा पडतात. अन्‌ दर सिनेमात एक गुरू असतो. पांढरी दाढी, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द न्हाई. त्यानं मान हलवल्याबिगर चेल्याला डोंगर उतरायची इजाजत नसती.

मला तवाच उमगलं. रेणू दिवाळीला आली न्हाई, संक्रांतीला आली न्हाई. फोनवर विचारलं की "प्रॅक्टिस हाय, आजी" एवढंच. गुरू सोडत नसणार, दुसरं काय?

मग परभणीला सामने ठरले. रेणू येणार म्हणल्यावर मी डिंकाचे लाडू बांधले. अन्‌ गुरूसाठी टॉवेल, टोपी, नारळ घेतलं. आहेर अंगावर पडला की माणसाला न्हाई म्हणायला जड जातं.

हॉलच्या दारात एक पोरगी उभी होती. केसांची शेपटी, गळ्यात शिट्टी. तिच्या हातात मी लाडवाची पिशवी दिली, म्हणलं, एवढी धर बाई अन्‌ घोटभर पाणी आण. बिचारीनं आणलं.

आत बघते तर काय! कोपऱ्यात खुर्च्यांच्या चळतीला टेकून तो बसलेला. पांढरी दाढी. डोळे मिटलेले. समोर पोरी हुंकार देऊन लाथा मारायल्या, अन्‌ हा ढिम्म. सिनेमातूनच उचलून आणल्यावानी.

मी डोईवर पदर घेतला. त्याला कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिलं अन्‌ पाया पडले.

"गुरुजी, पोर तुमची हाय, मी कुठं न्हाई म्हणते? पण चार दिवस मला द्या. कुशीत घेऊन झोपते अन्‌ परत आणून सोडते."

त्यानं डोळे उघडले. टोपी चाचपली. गाल फुगलेला, तोंडातून शब्द न्हाई. मग हळूच मान हलवली. माझ्या डोळ्याला पाणी आलं बगा!

तशीच रेणूकडं गेले. ती सामना उरकून पांढऱ्या कपड्यात घाम पुसायलती.

"चल, कपडे भर. गुरूनं सोडलंय तुला."

"कोण गुरू?"

मी बोट दाखवलं. तेवढ्यात गुरू उठला, खिडकीबाहेर तंबाखूची पिंक टाकली अन्‌ खुर्च्या उचलून टेम्पोकडं निघाला. माझी नवी टोपी घालून.

"आजी, ते मंडपवाले बाबा हायत. माझ्या मॅडम ह्या."

शेपटीवाली पोरगी लाडवाची पिशवी धरून अजून उभीच होती!

आता मी कुठं तोंड लपवू? पण ज्यासाठी आले होते ते मागूनच घेतलं. म्हणलं, माय, चार दिवस सोड हिला.

मॅडम हसल्या. "आजी, दिवाळीला मी सगळ्यांनाच सोडलं होतं. हीच थांबली."

आता हसू नका कुणी. तवा मलाबी हसू आलं न्हाई.

रेणू पट्ट्याची गाठ सोडायची, परत बांधायची.

"कामून गं?" मी विचारलं.

"मागल्या खेपी तू अंगणात विटा मांडून गाव गोळा केलंस. वीट फुटली न्हाई, हात सुजला माझा, अन्‌ सगळे हसले. मला उडताबी येत न्हाई, आजी. आमी वाकून नमस्कार करतो अन्‌ रोज तेच ते चार हात परत परत करतो. तुला सांगितलं तर म्हणलीस, लाजायलीय पोर."

खरं होतं. टीव्हीत बघायचं अन्‌ हापशावर रेणूच्या नावानं सांगायचं, हा माझा धंदाच झालता. पण मी तरी काय करू? नुसतं "आठवण येती" म्हणलं तर रोज रोज कोण ऐकून घेतं?

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. आता कुणाला काई सांगणार न्हाई. रेणू म्हणली, बघते. अन्‌ कपडे भरले.

बसमधी ती माझ्या खांद्यावर झोपली. पोखर्णीच्या अलीकडं पुढची एक बाई मागं वळली. मी तिला ओळखत नव्हते, पण ती मला ओळखत होती.

"हीच का वं तुमची नात? हातानं विटा फोडती ती?"

जीभ लय वळवळली माझी.

"न्हाई बाई," मी म्हणलं. "ती वेगळी. हिला काईच येत न्हाई."

"मग ती कधी येणार?"

"तिची वाट तुमी बगा. मला हीच पायजे."

तेवढ्यात रेणूनं, झोपेत का जागी देव जाणे, अशी लाथ झाडली की मी सीटवरून अर्धी खाली. सिनेमावाले समदंच खोटं दाखवत न्हाईत!

चार दिवसांनी ती गेली. माझ्या नडगीवर काळानिळा डाग तेवढा राहिला. रेणूची माय म्हणली, तेल लावा, लवकर जाईल.

मी न्हाई लावलं.