क्रीमकाकू आणि उंच गाडी

नवी गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा सगळं घर खूश होतं, एकट्या क्रीमकाकूंना सोडून. आणि गंमत अशी की गाडी आली होती त्यांच्याच कमाईतून.

गल्लीत त्यांना क्रीमकाकूच म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या केक करतात. वाढदिवसाचे करतातच, पण त्यांचं नाव झालं ते लग्नाच्या तीनमजली केकमुळे. खाली रुंद, मध्ये बेताचा, वर छोटासा, आणि मजले एकमेकांत रुतू नयेत म्हणून आतून काड्या खोचलेल्या. त्या एका खोलीत एसी आहे. बाकी घरात नाही. उन्हाळ्यात यजमान, म्हणजे गल्लीचे काका, पेपर घेऊन तिथे येऊन बसले की काकू त्यांना हाकलतात. "तुम्हाला घाम आला तर पुसता येतो, क्रीमला नाही," असं त्यांचं म्हणणं.

काकांची नोकरी सुटली तेव्हा काकूंनी शेजारणीच्या ओव्हनमध्ये पहिला केक भाजला होता. त्या वेळी दीर म्हणाले होते, "केक विकून कुठे घर चालतं का, वहिनी?" घर चाललं. चाललं कसलं, धावलं. बंद पडलं ते दीरांचं दुकान, पण मतं देण्याचा धंदा त्यांनी आजतागायत चालू ठेवलाय, आणि त्याला गिऱ्हाईक लागत नाही.

केक पोचवायला सुरुवातीला रिक्षावाले असायचे. एकाने पेटी आडवी धरली, दुसऱ्याने तिच्यावर स्वतःची पिशवी ठेवली. तेव्हा काकू तिरमिरीत गाडी शिकल्या आणि एक जुनी बुटकी गाडी घेतली. तिचं पोट जमिनीला टेकायचं. स्पीडब्रेकर आला की काकू गाडी तिरकी घ्यायच्या, आधी एक चाक, मग दुसरं, म्हणजे खाली घासत नसे. केक असायचा शेजारच्या सीटपुढच्या जागेत, पायांपाशी. गावातला एकूण एक खड्डा काकूंना पाठ होता. एवढ्या वर्षांत क्रीमचं एक फूल हललं नाही, आणि याचा त्यांना गर्व होता. असावाच. शेवटी त्या गाडीचा तळ गंजून गेला आणि मेकॅनिकने हात जोडले.

मग दीर मध्ये पडले. "आता एसयूव्हीच घ्यायची, वहिनी. सात माणसं बसतात. मागची सीट पाडली की केकचं अख्खं दुकान मावेल!" काकांनी मान डोलावली. काकूंनी शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारली आणि त्याही फसल्या.

घरी आल्यावर गाडीचे खरे रंग दिसले. आत बसायचं म्हणजे चढून बसायचं. रस्ता कुठेतरी खाली राहिलेला. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसायची, वळण आलं की सगळं अंग बाहेरच्या बाजूला झुकायचं, आणि बारीक खड्ड्यावर मागची बाजू टणकन उडायची. जुनी गाडी बापडी प्रत्येक खड्ड्याची खबर द्यायची. ही मख्ख. सांगायची काहीच नाही आणि मग एकदम आपटायची. एका दुपारी तर काकूंना स्वतःच्या गाडीत, स्वतः चालवत असताना मळमळलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, पाणी प्यायल्या आणि ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही.

पहिला मोठा केक या गाडीतून निघाला, तो अर्थातच त्या कौतुकाच्या डिकीत ठेवून. काकू जपून चालल्या. नेहमीपेक्षा जास्तच. प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका, सावकाश. हॉलवर पोचून पेटी उघडली तर वरचा मजला मधल्याच्या काठावर येऊन थांबलेला, आणि अर्धी फुलं पेटीला चिकटलेली. काकूंकडे जादा क्रीम आणि सुरी कायम असते. भिंतीकडे तोंड करून त्यांनी केक सावरला, लोकांना कळलंही नसतं. पण नवरीची आई नेमकी मागे उभी होती.

"काकू, तुमच्याकडून नव्हती अपेक्षा," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण काकूंना ते जिव्हारी लागलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बातमी घरी त्यांच्या आधी पोचली होती. दीर सोफ्यावर ठाण मांडून बसले होते.

"मी काय म्हणतो, वहिनी, तुम्ही चांगल्याच चालवता. पण ही गाडी मोठी आहे. बायकांना झेपत नाही. त्यात आता वय. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, हुशार माणूस. तो नेत जाईल, मी सोबत जात जाईन. हिशेब, गिऱ्हाईक, सगळं बघतो मी."

काका पंख्याकडे बघत होते. "तसं तो म्हणतोय त्यात..." एवढं बोलून ते थांबले.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी गेली तर नुसती गाडी जाणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. आधी किल्ली जाईल, मग हॉलवाल्यांचे फोन दीरांना यायला लागतील, मग कुणाला किती गोड आवडतं हे दीर सांगतील, आणि मागच्या खोलीत त्या राहतील नुसत्या राबायला. आणखी एक गोष्ट होती, ती त्या कुणाला सांगत नसत. केक पोचवून रिकाम्या गाडीतून परत येताना त्यांना कुणी काही विचारत नसे. दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

"शनिवारी डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं लग्न आहे," काकू म्हणाल्या. "गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो केक मीच नेणार. अख्खा पोचला तर या घरात ड्रायव्हर हा शब्द पुन्हा निघायचा नाही. नाही पोचला तर किल्ली मी आपणहून देते, भाऊजी, तुमच्या हातात."

दीर हसले. काका पंख्याकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. काकूंनी स्वस्तातला, बेचव, तीनमजली केक केला, तो गाडीत ठेवला आणि काकांना सांगितलं, "मागे बसा आणि केककडे बघा. खिडकीतून बाहेर बघायचं नाही." काका निमूट बसले. त्यांना स्वतःचीच लाज वाटत असावी. पहिला केक पहिल्याच चकरेत ढासळला. दुसरा सीट पाडून मधल्या मोकळ्या जागेत ठेवला, तो जरा जास्त टिकला. पडलेले केक वाया घालवायचे नाहीत म्हणून घरात सकाळ-संध्याकाळ तेच. काका ते पाण्याबरोबर गिळत.

तिसऱ्या केकच्या वेळी मागून आवाज आला, "अगं, थांब जरा."

"काय झालं?"

"खड्ड्यात तो नुसता थरथरतो. घसरत नाही. घसरतो तो ब्रेकरवर. तू गाडी तिरकी घेतेस ना, तेव्हा आधी डावीकडे डोलतो, मग उजवीकडे."

"मी आयुष्यभर असाच घेतलाय ब्रेकर!"

"त्या गाडीचं पोट घासायचं. हिचं कुठे घासतंय?"

काकूंना काकांचा राग आला, गाडीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला. ज्या सवयीने इतकी वर्षं केक वाचवले, तीच आता केक पाडत होती. त्यांनी गाडी वळवली, त्याच ब्रेकरवर परत आणली आणि सरळ नेली. पुढची दोन्ही चाकं एकदम वर, एकदम खाली, मग मागची. मुंगीच्या पावलांनी. गाडी पुढेमागे झुलली, पण बाजूला डोलली नाही.

"हललं का?" काकूंनी विचारलं.

"फूलसुद्धा नाही."

"मग आधी का नाही बोललात?" असं त्या खेकसल्या, पण घरी आल्यावर त्यांनी काकांना पोळी-भाजी वाढली. केक नाही दिला.

तरी मागची बाजू उडायची, त्याचं काही केल्या जमेना. ते कळलं मैद्याची पोती आणायला गेल्या तेव्हा. येताना पोती मागे होती आणि गाडी अशी शहाण्यासारखी चालली की काकूंना वाटलं, कुणीतरी सस्पेन्शनच बदलून ठेवलं. तोच रस्ता, तेच खड्डे. घरी पोती उतरवून त्या मुद्दाम पुन्हा त्याच रस्त्याने गेल्या. गाडी पुन्हा टणटण उडायला लागली. स्टिअरिंगवर हात मारून त्या एकट्याच हसल्या. एवढ्या मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा सात माणसांसाठी केलेल्या, आणि आत कोण, तर एक बाई आणि एक केक. रिकामी गाडी उड्या मारणार नाही तर काय करणार?

शनिवार उजाडला. डॉक्टरीणबाईंचा केक झाला होता देखणाच, पांढराशुभ्र, कडेने फिकट गुलाबी फुलं. पण मैद्याची पोती त्याच्या जवळपासही न्यायची सोय नव्हती. एका दणक्यासरशी पिठी उडून क्रीमवर बसली असती. काकू अंगणात उभ्या राहून आता वजन आणायचं कुठून या विचारात होत्या, तेवढ्यात दीर आले. सोबत त्यांचा तो हुशार ड्रायव्हर. इस्त्रीचा शर्ट, आणि चांगला भरभक्कम गडी.

"म्हटलं, असू दे हाताशी," दीर म्हणाले. "वेळ काही सांगून येत नाही."

काकूंनी दोघांनाही खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"भाऊजी, वजन किती तुमचं?"

"काय?"

"काही नाही. बसा दोघं. शेवटच्या ओळीत."

मधली सीट पाडलेली, तिथे घसरू नये म्हणून ओलसर कापड, त्यावर केक. त्याच्या मागे, जिथे लहान मुलंही कुरकुरत बसतात तिथे, गुडघे हनुवटीला लावून दीर आणि ड्रायव्हर. पुढे काका. काकूंनी आरसा लावला, त्यात आधी केक दिसला आणि मग दीरांचं तोंड. त्यांना मनापासून बरं वाटलं.

गाडी निघाली. ब्रेकर आले ते सरळ घेतले. वळणं आली तेव्हा वेग आधीच कमी केला, वळताना ब्रेकला पाय लावला नाही, म्हणजे गाडी झुकली तरी हळूच झुकली आणि हळूच सरळ झाली. चौकाजवळ पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. काकूंनी अंतर ठेवलं होतं. ब्रेक लोण्यासारखा दाबत त्यांनी गाडी थांबवली.

"वहिनी, हॉर्न तरी द्या त्याला! आणि डावीकडून काढा, जागा आहे."

"भाऊजी," काकू आरशात न बघता म्हणाल्या, "तुम्ही आज वजन आहात. वजन बोलत नाही."

ड्रायव्हर खोकला की हसला, ते कळलं नाही. काका मात्र उघड हसले, आणि खूप वर्षांनी भावाच्या समोर हसले.

हॉलवर डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. पेटीच्या भिंती काढल्या. वरचा मजला जागच्या जागी, फुलं जागच्या जागी. "आई गं, किती सुंदर!" एवढंच त्या म्हणाल्या आणि काकूंचा हात धरून ठेवला. काकूंना रडू आलं असतं, पण दीर बघत होते, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं नाही.

दीर पायाला आलेल्या मुंग्या झाडत गाडीभोवती फिरले. "छान झालं, वहिनी. आता रिकामीच न्यायची आहे, तर मी चालवतो. तुम्ही दमला असाल."

"छे! आता तर खरा सराव आहे. रिकामी गाडी उडते ती कशी आवरायची, ते शिकायचं राहिलंय माझं. भरलेली नकोय मला. तुम्ही दोघं बसने या."

काका एव्हाना पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. काकूंनी गाडी चालू केली. ड्रायव्हर खिडकीशी आला, बिचारा कामाची आशा धरून होता.

"काकू, मग मी कधीपासून येऊ?"

"पुढच्या शनिवारी या की. मोठी ऑर्डर आहे," काकू म्हणाल्या. "मजुरी देईन. वजन चांगलं आहे तुमचं."

आणि हॉलच्या फाटकातला ब्रेकर त्यांनी सरळ घेतला. गाडी मागून टणकन उडाली, काकांनी वरची कडी धरली, आणि काकूंनी एकदाही आरशात बघितलं नाही.