आईच्या जबड्याची पुनर्बांधणी

जे झिजलं ते पुन्हा उभारता येतं, ही आपल्या काळाची श्रद्धा आहे. लालबागमध्ये ती आधी चाळींना लागू झाली आणि मग माझ्या आईच्या जबड्याला.

आईच्या खालच्या दाढा एकेक करून गेल्या होत्या. कवळी बसेना, कारण ती टेकायला हाडच उरलं नव्हतं. मऊ भातावर आई दिवस काढत होती. पण घरात खेकडे, म्हणजे आमच्या कुर्ल्या, केल्या की रस्सा पीत ती आमच्या दाढांखाली फुटणाऱ्या नांग्या, तिचे डेंगे, बघत बसायची. "एकदा माझ्या दाढेन डेंगो फोडूचो आसा," एवढीच तिची मागणी. ती पुरवायचं मी मनावर घेतलं.

दादरच्या दवाखान्यात भिंतभर प्रशस्तिपत्रकं होती. डॉक्टरांनी आईचा जबडा पडद्यावर गोल फिरवून दाखवला. "आधी हाड वाढवू. मग टाळूचा तुकडा लावून हिरडी जाड करू. सहा महिन्यांनी स्क्रू. आपण इथे दात बसवत नाही, पाया घालतो." पायाचं हे वाक्य मी आमची चाळ पाडून बांधणाऱ्या बिल्डरकडूनही ऐकलं होतं.

हाड म्हणजे बोटभर काचेच्या कुपीतले पांढरे रवे.

"ह्या हाड कोणाचा?" आईने विचारलं.

"प्राण्याचं आहे आजी, पूर्ण शुद्ध केलेलं."

"शुद्ध म्हणता म्हणजे गायचाच असतला," आई माझ्या कानाशी पुटपुटली आणि तोंड उघडून बसली.

फॉर्म मी भरला. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू. तंबाखूपुढे मी 'नाही' लिहिलं, खाली आईने सही केली. खोटं सांगतोय असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. आई रोज सकाळी मिश्री लावते. तव्यावर भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांना चोळायची. तिची आई चोळायची, चाळीतल्या बायका नळावर गप्पा मारत चोळायच्या. आमच्याकडे मिश्रीची डबी टूथपेस्टच्या शेजारी असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हे मला ठाऊक होतं. पृथ्वी फिरते हेही ठाऊक असतं.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. माल अस्सल वापरल्याचा पुरावा म्हणून डॉक्टरांनी रिकामी कुपी लेबलासकट आईच्या हातात ठेवली. घरी आल्यावर टाके दुखू लागले. दुखऱ्या हिरडीवर आईला एकच औषध माहीत होतं. ते ती दिवसातून दोनदा लावू लागली.

तिसऱ्या आठवड्यात चूळ भरताना बेसिनमध्ये पांढरे रवे पडले.

डॉक्टरांनी आत बॅटरी मारली. "तंबाखू?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

त्यांनी खुर्चीच्या हातावरचा आईचा हात उचलला. तर्जनीचं टोक काळपट होतं. ते बोट मी जन्मापासून बघत आलो आहे.

"आजी, मिश्री लावता?"

"लावतंय. पण ती कोण खाता?"

"तंबाखूच आहे ना तो. जखम भरूच देत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तर शिकलेले दिसता."

वाचण्यात माझी पन्नास वर्षं गेली आहेत.

उरलेलं हाड त्यांनी खरवडून काढलं. पुन्हा करायचं तर आधी मिश्री कायमची सोडा, म्हणाले. टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला थांबली तेव्हा आई बोलली, "साठ वर्सा माझ्यावांगडा ऱ्हवली ती सोडूची, आनि गायच्या हाडाची वाट बघूची? माका वर्सा किती उरली?"

सिग्नल सुटला. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला नाही.

आता डेंगे मी वरवंट्याने फोडून देतो. ती गर वेचून खाते आणि फोडून दिलेल्याला चव नाही, असं दर वेळी सांगते. ती कुपी तिने गरम पाण्याने धुऊन ठेवली आहे. तिच्यात आठवड्याची मिश्री मावते.