वसंताचं विरजण

सन दोन हजार पंचवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, माझा धाकटा भाऊ वसंता सदुसष्टचा. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि नागपूरच्या दवाखान्यात मी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. नाकात नळी, आवाज बारीक. मला वाटलं, शेताचं सांगेल, लेकीचं सांगेल. तो म्हणाला, "दादा, माह्या ड्रमकडे पाह्यजो. अजून बारा दिवस कोणाले उघडू देऊ नको." मी म्हटलं, "पाहतो ना. तू चूप राय." तिसऱ्या दिवशी तो गेला. आणि त्याच दिवशी तो ड्रम मी सांडला.

मी चौथी शिकलेला माणूस. पण हे दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून चार दिवसांपासून मीच लिहून राहिलो.

आमचं शिवार तिगावजवळ. व्यापारी झाडावरचा माल घेऊन गेला की बुडाशी गळीची संत्री पडून राहतात. ती आम्ही ढोरांपुढे टाकायचो. वसंता रेल्वेच्या नोकरीतून रिटायर होऊन घरी आला आणि मोबाइलवर पाहून त्याला संत्र्याची वाइन करायचा नवा छंद लागला. लोणच्याच्या बरणीत संत्र्याचा रस भरला, साखर टाकली, तोंडाला जत्रेतला फुगा बांधला. फुगा फुगला तर हा म्हातारा टाळ्या पिटत होता. पहिली बरणी आंबट ढस निघाली, तरी हटला नाही. मग पाण्याची मोठी कॅन आणली, तिच्या झाकणात सलाइनची नळी बसवली, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. दिवसभर बुडुक बुडुक. मी त्याच्या घरामागच्या सपरीच्या, त्या पडवीच्या, दारात उभा राहून म्हणायचो, "काय रे, कोण सलाइनवर हाय तुह्या घरी?" तो म्हणे, "संत्रं हाय दादा. सुधरून राहिलं."

उन्हाळ्यात इकडे भिंतीसुद्धा तापतात. माल बिघडायला लागला, तर सौंसरहून भंगारातला फ्रिज आणला आणि गार किती ठेवायचं त्याचं बटण स्वतःच बसवलं. शेवटी बुडाला नळ असलेला स्टीलचा ड्रम आला. नवी वस्तू आली की आधी मला बोलवायचा. मी दाराच्या आत पाय ठेवला नाही. दारू ते दारू, म्हणायचो. "दारू नाही दादा, शेतीच हाय हे," म्हणायचा... सहा वर्षं त्यानं चाखायला वाटी पुढे केली आणि सहा वर्षं मी मान फिरवली.

त्याचा खरा जीव होता विरजणात. दुसऱ्या वेळचा माल बरा निघाला, तेव्हा बुडाशी बसलेली पिवळी गाद त्यानं राखली, पुढच्या रसात घातली, त्याची गाद त्याच्या पुढच्या रसात. दह्याचं विरजण ठेवतात तसं, सहा वर्षं मरू दिलं नाही. यंदा रस जास्त होता, म्हणून होतं तेवढं सारं विरजण त्यानं त्या एका ड्रमात घातलं होतं. हे मला ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं.

आमच्यात मढं घरून निघालं की घरातलं भरलेलं पाणी, रांधलेलं अन्न, सारं सांडतात. वसंताला पोचवून आम्ही परतलो, तेव्हा बाया पाण्याचे गुंड, माठ उपडे करत होत्या. कोणीतरी विचारलं, "मागच्या ड्रमाचं काय?" वसंताची बायको कमल माझ्याशी कधी तोंडावर बोलली नव्हती, भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाहीत. त्या दिवशी पदर सावरून पुढे आली. म्हणाली, "दादाजी, तेवढा राहू द्या. ते पाणी नाही."

अंगणात वीस-पंचवीस माणसं बसलेली. भावाच्या मरणात म्हाताऱ्यानं दारू वाचवली, असं म्हणतील... एवढंच डोक्यात आलं. मी म्हटलं, "सारं म्हणजे सारं. मोठा मी हाव का तू?" आणि जाऊन माझ्या हातानं नळ सोडला. वसंताचा शब्द मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवसापासून मला काही सुचेना. सपरीत गेलो, सहा वर्षांत पहिल्यांदा. बायांनी ड्रम राखेनं घासून पालथा घातला होता. नळाच्या तोंडात बोट घालून खरवडलं, हाताला लागलं ते रसात कालवलं, सलाइनची नळी लावली आणि समोर बसलो. बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग वरती हिरवी बुरशी आली. पुन्हा रस काढला, पुन्हा बुरशी. बाटलीतल्या पाण्याकडे पाहून पाहून डोळे चुरचुरत होते. एका बुडबुड्यासाठी मी, कोणापुढे हात न जोडणारा माणूस, त्या कॅनपुढे हात जोडून बसलो.

तेरवीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, कमलनं वसंताची ड्रमाचं सारं टिपून ठेवायची वही पुढे सरकवली. मला त्याचे आकडे कळत नव्हते. म्हणाली, "शेवटलं वाचू का?" वाचलं, "बारा दिवसांनी दादाले चाखवणे. दादा हो म्हणतील तरच बाटल्या भरणे." वही मिटून म्हणाली, "तुम्हाला काय माहीत असणार, दादाजी. रीत होती, तुम्ही रीत केली." तिनं मला माफ केलं होतं, आणि तेही खोट्यावर. मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी तिच्या अंगणात गेलो. थांबलेले पाहुणे चहा पिऊन राहिले होते. मी सगळ्यांसमोर तिला नाव घेऊन हाक मारली आणि म्हटलं, "कमल, तो ड्रम वसंतानं मले राखाले सांगतला होता. दवाखान्यात. मी हो म्हटलं होतं. मले याद होतं, अन् याद असून म्या सांडला."