पैठणच्या गाडीचे थांबे

डिसेंबरात परदेशातल्या पाच विद्यापीठांना अर्ज पाठवून झाले आणि मला वाटलं, आता मार्चपर्यंत वाट बघण्याशिवाय काम नाही. मामा म्हणाले, तोवर एखादा कोर्स करून टाक. मैत्रिणीबरोबर जर्मन शिकायचंही ठरलं होतं. जानेवारीत पप्पांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते सगळं बाजूला पडलं.

पप्पा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चालता येत होतं, पण बोलणं गेलं होतं. आपलं बोललेलं सगळं त्यांना कळायचं. पाणी हवं असलं की तोंड उघडायचे, भलताच आवाज यायचा, आणि मग ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज घरी सराव करून घ्या. आई सकाळी बालवाडीवर जायची. रिकामी मीच होते.

मी पलंगावर पेला, चमचा, चावी मांडायची. "हे काय आहे?" असं त्यांना विचारताना मला लाज वाटायची. त्यांना जास्त वाटत असणार. मध्येच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग मी वस्तू गोळा करून स्वयंपाकघरात जायची आणि तिथं मोबाईलवर मेल बघायची. काही आलेलं नसायचं.

एकदा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर आतून आवाज आला. "नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पैठण." खणखणीत, गाडीत पुकारायचे तसा. मी ओला टॉवेल घेऊनच आत धावले.

बाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असं कधीकधी टिकतं. ते बोलणं नव्हे, पण त्याचा आधार घ्या. मग मी 'बिडकीन'पर्यंत म्हणून थांबायची, पप्पा पुढचे थांबे घ्यायचे. पैठण आलं रे आलं की मी पाण्याचा पेला पुढं करायची. कितीतरी दिवसांनी 'पैठण'च्या पाठोपाठ 'पाणी' आलं. आई उंबऱ्यातच बसून रडली. माझं नाव मात्र आलं नाही. मला हाक मारायची झाली की ते 'ढोरकीन' म्हणायचे. सुरुवातीला त्याचं त्यांनाच हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

फेब्रुवारीत दोन नकार आले, मार्चमध्ये आणखी दोन. सगळ्यात शेवटी एक होकार आला. मी पप्पांजवळ बसून सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. डाव्या हातानं माझा हात धरून ते बोलायला लागले. ओठ बराच वेळ नुसतेच हलले, आणि शेवटी आलं ते "नक्षत्रवाडी, चितेगाव". ते थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मी अंदाजानं विचारत राहिले, हे म्हणायचंय का, ते म्हणायचंय का. प्रत्येक वेळी त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझा हात सोडून त्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, यंदा जात नाही. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मग ते रोज मला विचारतील, पोरगी का गेली नाय म्हणून," ती म्हणाली. "अन् त्यांना ते विचारताबी यायचं नाय. तू जा."

ऑगस्टमध्ये मी गेले. आईनं सराव चालू ठेवला. 'दूध' आलं, 'बस' आलं, 'नको' आलं. फोनवर मात्र पप्पा बोलायचे नाहीत. स्क्रीनवर मला निरखून बघायचे आणि फोन आईच्या हातात द्यायचे. थंडी सुरू होता होता दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी दोन आठवडे राहिले. आई पुन्हा बालवाडीवर जायला लागली तेव्हा परतीचं तिकीट काढलं. ती मला सोडायला खाली आली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला, पोचल्यावर कळव म्हणाली, आणि मी जिना उतरत असतानाच तिनं दार लावून घेतलं.