पलीकडच्या काठावरचे आबा

मासे पळवून लावण्याची विद्या कुठे शिकवली जात असती, तर तिथले मुख्य गुरुजी म्हणून पलीकडच्या आबांची नेमणूक बिनविरोध झाली असती. गळाला लागलेला मासा, लागू पाहणारा मासा आणि लागावं की नाही याचा नुसता विचार करणारा मासा, असे सगळेच मासे ते एका हाकेत मैलभर खाली धाडत. सहा वर्षं मी तापीच्या अलीकडच्या काठावर उभा राहून मासे धरायचा प्रयत्न केला आणि ती सहाही वर्षं आबा पलीकडच्या काठावर बसून मला त्याबद्दल विचारत राहिले.

मी गुरांचा डॉक्टर. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दोन वर्षं आधी माझी बदली शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावी झाली. मी मूळचा कोकणातला, म्हणजे मासळीवर वाढलेला, आणि गाव गुजर शेतकऱ्यांचं, पक्कं शाकाहारी. राहायला खोली मिळाली ती या अटीवर, की उंबऱ्याच्या आत मासळीचा वाससुद्धा येता कामा नये. घरमालक सज्जन होता, रोज ताक पाठवायचा, पण अट म्हणजे अट. दिवसभर बैलांच्या खांद्यांना मलम लावायचं, म्हशींच्या पोटात हात घालायचा आणि संध्याकाळी त्या खोलीत कंदील लावून भिंतीकडे बघत बसायचं. गावातली माणसं माझ्याशी अहिराणीत बोलत, मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीत बोले, आणि दोघांनाही जेवढं हवं तेवढंच कळे. गुरांबद्दल बोलून झालं की बोलणं संपे.

धुळ्याला एकदा जुन्या सामानाच्या लिलावात मला कुण्या साहेबाची मासे धरायची काठी मिळाली. काठी तीन तुकड्यांची, वेताहून लवचीक. सोबत पत्र्याच्या डबीत पिसांच्या खोट्या माश्या. या काठीला गांडूळ लावत नाहीत. दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची आणि पिसांची माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की माशाला ती खरी वाटावी. डबीतल्या माश्या संपल्यावर मी स्वतः बांधायला शिकलो. सातपुड्यातल्या पाड्यांवर कोंबडे आजारी पडत, मी ते बरे करी आणि फीबद्दल शेपटीची चार पिसं मागून घेई. हा डॉक्टर औषध देतो आणि पिसं उपटतो, हे डोंगरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

माझ्याच काठावर मला छळणारे लोक कमी नव्हते. एकाने तासभर माझी दोरी हवेत नाचताना पाहिली आणि जाताना हळूच विचारलं, "कोनी सांगेल शे का असं कराले?" त्याला वाटलं, हा काहीतरी नवस असणार. डोंगरातून मजुरीला उतरलेला एक म्हातारा तर पोट धरून हसला, मग धोतर खोचून खडकाखाली हात घातला आणि वीतभर मासा नुसत्या हाताने काढून माझ्यापुढे टाकला. पण हे सगळे येत आणि जात. आबा मात्र रोजचे.

ज्या जागी मी उभा राही, तिथे दोन्हीकडचे काळे खडक पुढे सरकून नदीला चिमटीत धरतात. पावसाळा सोडला तर तिथे हाक पलीकडे पोचते, मात्र ती पोटातून द्यावी लागते. आबांच्या केळीच्या बागा पलीकडे काठाला लागूनच होत्या. पहिल्या दिवशी मी दोरी उडवली तेव्हा समोरून आवाज आला, "पानीले काबरं मारी ऱ्हायना भो? त्यानी काय करं तुन्हं?" मी वर पाहिलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि मधे एक काळसर ठिपका. तो ठिपका बोलत होता. धुणं धुणाऱ्या बायकांनी सांगितलं, ते आबा. त्यापुढे त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

आबांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, हातात धरला नव्हता, आणि त्यामुळेच मासेमारीबद्दलची त्यांची मतं अगदी ठाम होती. उन्हात मासा झोपतो. अमावास्येला मासा उपास करतो. मी टाकलेली माशी चुकीच्या रंगाची आहे, हे ते दीडशे हातांवरून ओळखत. दर पाच मिनिटांनी प्रश्न येई, "लागना का मासा?" मी नाही म्हणून हात हलवला की समाधानाने म्हणत, "वाची गया बिचारा." आणि कधी काळी खरंच एखादा लागून काठी वाकली, की ते उठून उभे राहत आणि माझ्या नव्हे, माशाच्या बाजूने ओरडत. सल्ला देताना ते माझे गुरू होते, लढाईत मात्र शत्रूकडे जात.

त्यांच्या आवाजाला खाजगी असं काही ठाऊक नव्हतं. गुडघ्याचं दुखणं, जावयाचा उर्मटपणा, बद्धकोष्ठ, हे सगळं ते नदीवरून पाठवत आणि मधून खाली-वर जाणाऱ्या नावांतले लोक माना वळवून ऐकत. एकदा तर त्यांनी लंगडणारी म्हैसच काठावर आणून उभी केली. "हाई देखा डाक्टर, मांगला पाय." मी म्हटलं, चालवून दाखवा. त्यांनी चालवली. म्हटलं, उलटी फिरवा. म्हैस फिरेना, तेव्हा तिच्यामागून दोन गडी लावून फिरवली. मी ओरडून सांगितलं, खुरात काटा असेल, गरम पाण्याने शेका, मीठ घाला. वाऱ्याने त्यातलं मीठ तेवढं पोचवलं असावं, कारण चार दिवसांनी त्यांनी कळवलं, की म्हशीला रोज मूठभर मीठ खाऊ घालतोय आणि पाय उत्तम आहे. माझी त्या भागातली कीर्ती बरीचशी या म्हशीवर उभी होती.

थंडीत ते वर्तमानपत्र आणत. माझ्या गावी ते त्यांच्या आधी येई, पण हे सांगून काही उपयोग नव्हता. वाचताना त्यांची अहिराणी एकदम गळून पडे आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर दाबत ते शुद्ध मराठीत बातमी वाचत. चार दिवस शिळी बातमी मी काठी खाली ठेवून दुसऱ्यांदा ऐकत असे, कारण खोलीत परतल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बैलापर्यंत माझ्याशी कोणी बोलणार नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी विचारलं होतं, "घरमा कोन शे तुन्हा?" मी ओरडून सांगितलं, आई आहे, गावाकडे. "अन् बायको?" बायको लग्नानंतर दीड वर्षात गेली होती. ती गोष्ट मी या भागात कोणाला सांगितली नव्हती. मी नुसतं "नाही" एवढंच ओरडलो. माझ्याच आवाजाचं नवल वाटलं मला, एवढा तो मोठा निघाला. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. आबांनी पुढे काही विचारलं नाही. पण तोवर ते दोन-तीन दिवसांआड दिसत, त्यानंतर रोज येऊ लागले. हा योगायोग असेलही. मला तेव्हा एवढंच वाटलं, की आता मासा मिळायची आशा सोडावी.

पावसाळ्यात नदी फुगे. खडक बुडत, पाणी गढूळ होऊन पाव मैल पसरे, आणि तीन-चार महिने कोणाची हाक कोणाला ऐकू जात नसे. त्या दिवसांत माशी टाकण्यात काही अर्थच नव्हता. तरी मी संध्याकाळी काठावर जाई. विचारलंच कोणी तर पाणी किती चढलं ते बघायला आलो, असं सांगे. पलीकडे केळीच्या हिरव्यात एक काळी छत्री उघडलेली दिसे. ती छत्री एकदा वर होई, एकदा खाली. मी टोपी काढून हलवी. मग दोघे आपापल्या वाटेने घरी.

चौथ्या वर्षी आई गेली. तार मिळून मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावा करून, डोकं भादरून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन नदीवर गेलो. दुसरं काय करावं ते सुचेना. आबा आले, खडकावर बसले. मी टोपी घातली नव्हती. आता विचारतील, या धास्तीने मी पाण्याकडे बघत राहिलो. अर्धा तास झाला, तास झाला. मासा लागला का, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. त्या शांततेत एकामागून एक तीन मासे लागले, सहा वर्षांत कधी लागले नाहीत असे, आणि ते तिन्ही मी सोडून दिले. अंधारू लागलं तरी आबा उठले नाहीत. मी काठीचे तुकडे सोडवून पिशवीत घातले, तेव्हा ते उठले.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. मी ओरडलो, "आबा, बदली झाली."

"बगळा?"

"बदली. पुण्याकडे."

आबा उठून पाण्याच्या कडेपर्यंत आले. मग आवाज आला, "कव्हय?"

"पुढल्या सोमवारी."

"मंग ऐतवारले जेवाले ये."

सहा वर्षांत पलीकडे जायचं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. नावेचा उतारा चार मैल खाली, तिथून वर परत चार मैल. रविवारी मी सायकलने उताऱ्यावर गेलो, नावेने नदी ओलांडली, पलीकडे त्यांनी पाठवलेली बैलगाडी उभी होती. घर मोठं, माणसांनी भरलेलं. तीन मुलगे, सुना, नातवंडं, गडी. ओसरीवर एक लहानसर, वाकलेला म्हातारा उभा होता. मी त्यांनाच आबा कुठे आहेत म्हणून विचारणार होतो, इतक्यात ते हात जोडून म्हणाले, "आपण यावे. बसावे." आवाज एवढा बारीक, की मला पुढे वाकावं लागलं.

आम्ही समोरासमोर बसलो. प्रवास ठीक झाला का, असं त्यांनी विचारलं. मी ठीक झाला म्हटलं. ऊन फार आहे, मी म्हणालो. फार आहे, ते म्हणाले. मग ते स्वतःच्या पायाच्या बोटांकडे आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. ताटात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होता, वाढणाऱ्या सुना थांबतच नव्हत्या, पण आम्हा दोघांत मिळून दहा वाक्यंसुद्धा झाली नाहीत. ज्या माणसाचं बद्धकोष्ठ मला ठाऊक होतं, त्याला आणखी एक पोळी घ्या म्हणायलाही मी लाजत होतो.

निघताना थोरला मुलगा गाडीपर्यंत आला. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका डॉक्टर. आबा घरमा बोलतस नई. आमनी माय गई, त्याले आठ वरीस जायनात, तव्हयपाईन मुकाच बसतस. संध्याकाळे नदीवर जातस, अन् येतस तव्हय गळा बठेल ऱ्हास. आमले वाटे, तठे भजनं म्हनतस."

नदी ओलांडून, सायकल मारत मी माझ्या खडकावर आलो तेव्हा सूर्य केळींच्या मागे गेला होता. काठी बांधून ठेवलेली, हातात काही नाही. आबा आधीच येऊन बसले होते. मला पाहताच ते उभे राहिले आणि तो जुना, पोटातून येणारा आवाज नदीवरून आला.

"डाक्टर, पोळी कशी व्हती?"

"फार छान."

"तू दोनच खाद्यात. मी मोजी ऱ्हायंतू."

आणि मग ते थांबेनात. घरात सांगता आलं नाही ते सगळं आलं. धाकटा मुलगा शेतात लक्ष घालत नाही. पुण्याला थंडी असते, गोधडी घेऊन जा. लग्न कर, वय गेलेलं नाही. मीही ओरडून उत्तरं देत होतो. अंधार पडायच्या बेताला ते थोडं थांबले आणि म्हणाले, "तुन्ही माय गई, ते माले कळनं व्हतं. पन असं दुख आरडीसन कसं इचारानं?"

मी खडकावरून उतरून पाण्याच्या कडेला आलो.

"काय नाव व्हतं मायनं?"

आई गेल्यापासून तिचं नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "सत्यभामा."

आबांनी ते नाव एकदा म्हटलं, स्वतःशी म्हणावं तसं, पण पाण्यावरून ते मला पूर्ण ऐकू आलं. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

मी सायकलवर बसून थोडा पुढे गेलो, तेव्हा मागून पुन्हा हाक आली. वारा उलटा होता. शब्द निम्मे पाण्यात पडले, निम्मे माझ्यापर्यंत आले, आणि त्यांचा अर्थ काही लागेना. परत जाऊन विचारावं असं वाटलं, पण मग मला निघता आलं नसतं. मी एक पाय जमिनीला टेकवला, वळलो, हात वर केला आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने ओरडलो, "हो, आबा."

मी कशाला हो म्हणालो, ते मला अजून ठाऊक नाही.