घटवायला काहीच नसलेलं गाव

वरठी स्टेशनवर गाडीतून उतरले तेव्हा पिशवीत कचेरीचा टॅब होता आणि डोक्यात जगभरच्या शेतीचा धूर. कोणता देश शेतीसाठी किती डिझेल आणि वीज जाळतो, त्यातून किती कर्ब हवेत जातो, याचा देशोदेशींची तुलना करणारा तक्ता पुण्यातल्या आमच्या कचेरीत तयार होतो. भारताच्या रकान्यासाठी काही गावांची माहिती हवी होती. जी गावं सिंचनातलं उत्सर्जन घटवतील, त्यांना पाण्याच्या कामांसाठी निधी मिळणार होता. माझ्या वाट्याला लाखांदूरच्या पुढचं एक गाव आलं.

जवळच भंडारा, तिथून लाखांदूरची एसटी पकडली. भादव्याचे दिवस, पंधरा दिवस पाऊस नाही, तरी दोन्ही बाजूंच्या बांध्यांत (पाणी धरून ठेवणारे धानाचे तुकडे) पाणी चमकत होतं. फाट्यावर ग्रामपंचायत सदस्य शशिकलाबाई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. मला मागे बसवलं आणि थेट तलावाच्या पारीवर (मातीचा बांध) नेलं. घरी चहा नंतर, आधी तलाव!

"हे तुडुम पाहा," त्या म्हणाल्या. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दगडी दार. त्याच्या बाजूने पाण्याची धार सुटली होती. "हे बसलं त पूरा तलाव नाल्यात जाते. अर्जावर अर्ज देऊन राहिलो आम्ही. आता तुमच्याच योजनेची आस हाय."

पारीखाली देवाजी भेटले. ते गावाचे पाणकर, म्हणजे पाण्याची पाळी ठरवणारे. बदल्यात धान निघालं की प्रत्येक घरातून त्यांना वाटा मिळतो. हातात फावडं, दुसरं यंत्र नाही. एका बांधीचं तोंड मातीने बुजवलं, दुसरीचं उघडलं, की पाणी चाललं पुढे. मी त्यांच्यामागून धुऱ्यावरून (दोन बांध्यांमधली मातीची वाट) निघाले आणि तिसऱ्याच पावलाला गुडघाभर चिखलात गेले. चप्पल देवाजींनीच काढून दिली.

मी टॅब उघडला. "काका, पाणी द्यायला तेल किती लागतं?"

"तेल कायले लागल, म्याडम? पानी वरून खाली जाते. त्याले ढकला लागते का?"

नांगरणीच्या ट्रॅक्टरचं डिझेल वेगळ्या पानावर होतं, ते भरलं. सिंचनाच्या पानावर शून्य लिहिलं. टॅबने ते घेतलंच नाही. लाल अक्षरांत 'योग्य आकडा भरा' म्हणे! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी पारीवर चढून साहेबांना फोन लावला.

"शून्य असेल तर घटवणार काय?" साहेब म्हणाले. "ते गाव सोड. शेजारच्या गावात इंजिनं आहेत, तिथे जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वर्षी याच कामासाठी मी युरोपातल्या एका थंड देशात गेले होते. तिथे ऐन हिवाळ्यात काचघरांत गॅस जाळून टोमॅटो पिकवतात. त्यांनी तो गॅस थोडा कमी केला, तर आमच्या तक्त्यात घटीच्या रकान्यात त्यांचा देश वर चढला, टाळ्या मिळाल्या, पैसे मिळाले. आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी थेंबभर तेल न जाळता भात पिकवणाऱ्या माणसांना आम्ही सांगणार, तुमचं काही कौतुक नाही, कारण तुम्ही आधी घाण केली नाही. असला तक्ता मीच तयार करत होते, याची लाज वाटली.

दुपारी शशिकलाबाईंकडे जेवले. नवऱ्याने तलावातून आणलेली मासोळी, लाखोरीची डाळ आणि मऊ भात. त्या वाढत राहिल्या आणि मी सांगायचं टाळत राहिले. हात धुताना सांगून टाकलं.

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे आमी काई बिघडवलं नाई, म्हनून आमाले काई नाई?"

"तसंच आहे ताई. पण मी भांडेन."

आणि खरंच भांडले. पुण्याला परतल्यावर तीन पानी आक्षेप लिहिला, बैठकीत आवाज चढवला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. अहवाल छापून आला तेव्हा माझा आक्षेप तळटीपेत होता, इतक्या बारीक अक्षरांत की मलाच चष्मा लागला.

पुढच्या भादव्यात शशिकलाबाईंचा फोन आला. मागे कसला तरी धडधड आवाज होता, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. अतिवृष्टीत तुडुम खचलं, तलाव नाल्याने वाहून गेला, मग पावसाने दडी मारली आणि आता धान वाचवायला नदीवर दोन डिझेल इंजिनं लावली होती. देवाजी घरी बसून होते. इंजिनाला पाणकर लागत नाही.

"म्याडम, आता येते का आमचं गाव तुमच्या यादीत?"

मी नियमावली काढली. शेवटपर्यंत वाचली, कुठे तरी 'नाही' सापडेल म्हणून.

"येतं, ताई," मी म्हटलं.

त्या खूश झाल्या. मी टॅबवर सिंचनाचं पान उघडलं आणि विचारलं, "तेल किती लागतं?"